जादूगाराचा झगा आणि ताईचं अपील

९ मार्च

जिंकले! जिंकले, जिंकले!

खास नवी वही काढलीय. जुनी अर्धी कोरी आहे, पण असली बातमी जुन्या वहीत लिहायची म्हणजे अपमान झाला तिचा. अक्षर कोंबडीचे पाय झालंय, तरी लिहिणारच.

नव्या वहीला काही माहीत नाही म्हणून पहिल्यापासून सांगते. आईचं दुकान. नाटकांचे कपडे भाड्याने द्यायचे. राजा, राणी, शिपाई, भुतं, पऱ्या, अस्वल, जे हवं ते. आईने आजारपणात दुकान माझ्या नावावर लिहून दिलं. ताई म्हणाली, आई औषधांच्या गुंगीत होती, तिला सही कशावर करतोय ते कळत नव्हतं, दुकान दोघींचं. कोर्टाने माझं म्हणणं मानलं. ताईने अपील केलं. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलतो ते फक्त वकिलांच्या तोंडून. आणि आज ते अपील खारीज झालं!

कसं झालं ते तर ऐक. आमच्या आधीच्या प्रकरणांना पटापट पुढच्या तारखा पडल्या आणि आमचा पुकारा भलताच लवकर झाला. ताईचे वकील नाहीत! ते तर सगळ्यांच्या आधी येऊन बसणारे. ताडमाड उंच आहेत, मी त्यांना मनात 'शिडी' म्हणते. शिडी नाही, ताई नाही, कोणीच नाही. शिपायाने दारात जाऊन पुन्हा नाव घेतलं. पुन्हा घेतलं. बाहेर चिटपाखरू नाही.

आमच्या वकीलबाई उठायला लागल्या. त्यांच्या लोकांत रीत आहे म्हणे, समोरचा वकील दिसत नसेल तर 'साहेब, थोडं मागे ठेवा' असं आपणच म्हणायचं. मी मागच्या बाकावर होते. त्यांच्या गाऊनचं टोक धरलं आणि असं खाली ओढलं, की बाई धपकन बसल्या. तेवढ्यात साहेब म्हणाले, अपील करणाऱ्यातर्फे कोणी हजर नाही, अपील खारीज.

झालं! वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्ही माझा गाऊन फाडला असतात." म्हटलं, फाटला तर फाटला, आमच्याच दुकानात शिवून देईन, फुकट.

आम्ही जिना उतरत होतो आणि खालून शिडी आणि ताई धावत वर येत होते. धावत! ताईच्या हातावर काळं काहीतरी लोंबत होतं, केस सुटलेले, दम लागलेला. या वयात जिने धावत चढायचं काही कारण आहे का? डॉक्टरांनी नको म्हटलंय तिला. मला कसं माहीत ते राहू दे. मी मान ताठ ठेवून बाजूने गेले. तिला बातमी वर जाऊन कळली असेल. तिचा चेहरा बघायला मिळाला नाही, एवढंच वाईट वाटतंय.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अभिनंदन," आणि परत पेपरात डोकं घातलं. माणूस आहे की ठोकळा!

१० मार्च

सकाळी आठवलं, जिंकल्यावर सगळ्यांत आधी ताईला सांगावंसं वाटलं होतं. सवय, दुसरं काय.

दुकानात गिऱ्हाइकांना बिस्किटं वाटली. आमच्याकडून झगा भाड्याने नेणाऱ्या जादूगाराचा फोन आला, चिडला होता. म्हणे माझा झगा पाठवलाच नाहीत, पिशवीत दुसरंच काहीतरी काळं, ना लाल अस्तर, ना चोरखिसा, बाह्या अशा ढगळ की टोपीतून रुमाल काढताना अर्धा रुमाल बाहीतच अडकला आणि मुलं हसली. म्हटलं, मुलं हसली म्हणजे खेळ चांगलाच झाला. तो नेहमी कुरकुरतो. परवा त्याला टोपी घट्ट होती, त्याच्या आधी ढिली. म्हटलं, शनिवारपर्यंत बघते. आज मी कोणाशी भांडणार नाही. आज मी हवेत आहे.

१२ मार्च

हवेतून खाली.

वकीलबाईंनी बोलावून सांगितलं, ताईने अर्ज दिलाय. वकील हजर नव्हते म्हणून काढून टाकलेलं अपील परत चालू करून घ्या, असा. मी म्हटलं, असं कसं? खारीज म्हणजे खारीज ना? बाई म्हणाल्या, "तसं नसतं. गैरहजर राहण्याचं कारण पटण्यासारखं असेल तर साहेब परत घेतात. आजारपण, अपघात, काहीही. पण पटलं पाहिजे."

"मग यांचं काय कारण?"

बाईंनी चष्म्यावरून कागद बघितला आणि म्हणाल्या, "अपरिहार्य कारण, एवढंच लिहिलंय."

अपरिहार्य! वा! मी इतकी जोरात हसले की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. म्हणजे झोपून राहिले असणार! शिडी वकील झोपले! बाई म्हणाल्या, एवढ्यावर अर्ज टिकायचा नाही. माझा जीव भांड्यात पडला, पण लगेच राग पण आला. एवढे मोठे वकील आणि एक कारण धड लिहिता येत नाही? ताई पण ना. लहानपणापासून माणसं निवडण्यात कच्ची. भावजींचं सोडलं तर.

१७ मार्च

लिहू की नको? लिहिते.

दुपारी जादूगार पिशवी घेऊन आला आणि टेबलावर आदळून म्हणाला, "हे तुमचं घ्या, माझा झगा द्या." पिशवी आमचीच, करडी, नाडीची. आमच्या सगळ्या पिशव्या करड्याच. आत वकिलाचा गाऊन.

आता यात विशेष काही नाही. बाररूमचा, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीचा, शिपाई दर महिन्याला फाटके गाऊन आणून टाकतो, आम्ही रफू करून देतो. नावं नसतात, कॉलरच्या आत आकडा शिवलेला असतो. ८ तारखेला रविवारी मी सगळ्या पिशव्या स्वतः भरल्या. दुसऱ्या दिवशी ताईच्या अपिलाची सुनावणी होणार म्हणून मला काही सुचत नव्हतं, हाताला चाळा हवा होता. हे म्हणाले पण, मी भरतो. म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.

जादूगार गेला नाही तोच बाररूमचा शिपाई दारात. "बाई, त्या मोठ्या वकिलांचा गाऊन अजून आलाच नाही. त्यांना भलतंच गेलं वाटतं. ते काही बोलत नाहीत, पण रोज दुसऱ्याचा मागून घालतात. आखूड होतो, पाय दिसतात."

मी म्हटलं, कोणते मोठे वकील?

त्याने हात डोक्याच्या वर, जेवढा जाईल तेवढा नेला.

म्हणजे शिडी! डोळ्यांसमोर चित्रच आलं. ९ तारखेला सकाळी शिडी वकील कोर्टाच्या दारात उभे आहेत. ही माणसं गाऊन शेवटच्या क्षणाला चढवतात, मी शंभरदा बघितलंय. करडी पिशवी उघडली, अंगावर घेतला, हात पसरले... आणि जादूगाराच्या झग्याची करामत अशी, की हात पसरले की कॉलरमधून कागदी फुलांचा गुच्छ फाडकन वर येतो. लाल, पिवळी, आत स्प्रिंग. आणि गाऊन नसेल तर वकिलाला उभंच राहता येत नाही, साहेब म्हणतात, तुमचं मला ऐकू येत नाहीये. म्हणून ते पळाले खाली, कोणाचा तरी मागायला. ताई पण पळाली. तिच्या हातावर जे काळं लोंबत होतं, ते कोणाचा तरी मागून आणलेला गाऊन!

म्हणजे मी जिंकले नाहीच. पिशवी जिंकली.

शिपायाला म्हटलं, शोधते. गाऊन टेबलाखाली पायाने सरकवला.

१८ मार्च

ह्यांना सांगितलं. सगळं ऐकून हे एवढंच म्हणाले, "मग?"

मग काय मग! म्हटलं, मी मुद्दाम केलं का? पिशव्या सारख्या दिसतात, माझी काय चूक?

"मग सांगून टाक."

बोलायला काय जातंय ह्यांचं! दुकान गेलं तर? सकाळी उठून जाऊ कुठे मी? स्वयंपाकघरात? हे म्हणाले, "स्वयंपाकघरात येऊ नकोस, मी आहे तिथे." चेष्टा सुचतेय ह्यांना.

वकीलबाईंकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला हे सांगायचं काही बंधन नाही. कारण देणं हे त्यांचं काम आहे. आणि एक ऐका, तोंडाला कुलूप लावा. ताईच्या वकिलांचा गाऊन तुमच्या दुकानातून, ऐन त्या दिवशी, बदलून गेला, तो तुम्ही मुद्दाम बदललात, असं उद्या कोणी लिहून दिलं, तर दुकान राहील बाजूला, तुमच्यावर वेगळंच प्रकरण उभं राहील. नशीब समजा की त्यांनी नुसतं अपरिहार्य लिहिलंय."

नशीब तर खरंच. शिडीला लाज वाटत असणार. कॉलरमधून फुलं आली हे कोणता वकील शपथेवर लिहून देईल? मोठेपणा आड येतोय त्यांच्या, माझ्या पथ्यावर पडतोय. ठरलं. गप्प बसायचं.

गप्प बसायला मला कधी जमलंय म्हणा!

२४ मार्च

आज अर्जाची तारीख. मी लवकर जाऊन बसले. ताई आली. राखाडी कोट, तोच, कोपराला घासलेला. एवढं शिवणकाम येणाऱ्या बाईने कोपराला ठिगळ लावू नये? वाळलीय. खोकत होती. मी दुसरीकडे बघत होते, तरी दिसलं.

साहेबांनी विचारलं, "अपरिहार्य म्हणजे काय? आजारी होतात?"

शिडी म्हणाले, "नाही साहेब."

"दुसऱ्या कोर्टात होतात?"

"नाही साहेब. मी याच कोर्टाच्या दारापर्यंत आलो होतो."

सगळे हसले. साहेब नाही हसले. "दारापर्यंत आलात आणि आत आला नाहीत?"

शिडींनी वळून ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली. नाही, अशी. ठाम. तेव्हा ते म्हणाले, "कारण आहे साहेब, खरं आहे. पण ते सांगायला माझ्या अशिलाची परवानगी नाही."

ऐकलंस? म्हणजे ताईला माहीत आहे, आणि तीच सांगू देत नाहीये! स्वतःचं अपील बुडतंय आणि ही बाई मान हलवतेय! हा काय आडमुठेपणा? वकिलाची लाज राखायला? असतील मोठे, पण एवढे? भावजी असते समोर तर मी त्यांना विचारलं असतं, तुमच्या बायकोचं डोकं ठिकाणावर आहे का.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, शेवटची संधी, २ एप्रिलला कारण सांगा, पुराव्यासकट, नाहीतर अर्ज फेटाळतो.

म्हणजे २ एप्रिलला दुकान कायमचं माझं. नाचायला हवं होतं. बाहेर येताना ताई माझ्या शेजारून गेली. आमची नजरानजर झाली. तिने लगेच खाली बघितलं, माझ्या बुटांकडे. नाडी सुटली होती माझी. मी घरी येईपर्यंत बांधली नाही, मुद्दाम.

२७ मार्च

शाळेचं नाटक आहे, सात पऱ्या आणि एक अस्वल. पंखांच्या तारा वाकवताना बोटाला लागलं. अस्वलाच्या तोंडाचं माप घेताना मुलगा म्हणाला, मावशी, तुम्ही स्वतःशी भांडताय का?

होय बाळा.

माझं म्हणणं असं. मला ताईला हरवायचंय. समोरासमोर, तिचा वकील तावातावाने बोलतोय, माझ्या वकीलबाई त्याच्या मुद्द्याच्या चिंध्या करतायत, आणि मग साहेब म्हणतायत, धाकटीचं बरोबर आहे. असं. गुच्छ फाडकन वर आला म्हणून जिंकायचं, यात काय मजा? उद्या दुकानात उभी राहिले की रोज मला ती पिशवी दिसणार. मला माझ्याच दुकानात उभं राहायची चोरी होणार.

ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "बरोबर आहे, मजा नाही." आणि मग, "ताई वाळलीय म्हणालीस परवा." त्याचा इथे काय संबंध? ह्यांना कधी मुद्द्यावर राहता येत नाही.

१ एप्रिल

ठरलं! सांगणार! उद्या, साहेबांसमोर, मी स्वतः! जेवण गेलं नाही. भीती वाटतेय की उत्साह आहे, कळत नाही, दोन्ही पोटातच असतात.

वकीलबाईंना सांगितलं तर त्या उभ्याच राहिल्या. "मी तुम्हाला इतकं समजावून सांगितलं!" म्हटलं, समजलं, पण पटलं नाही. "दुकान जाऊ शकतं." म्हटलं, माहीत आहे. "तुमच्यावर आळ येऊ शकतो." म्हटलं, येऊ दे, मी काय पळून जातेय? बाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "तुमच्यासारखं अशील शत्रूला मिळावं." पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. येताना म्हणाल्या, गाऊन विसरू नका उद्या, पुरावा आहे तो.

विसरेन कशी? इस्त्री करून ठेवलाय.

२ एप्रिल

लिहिते लिहिते, दम खाऊ दे.

पुकारा झाला. शिडी उभे राहिले, आखूड गाऊन, खरंच पाय दिसत होते. म्हणाले, "साहेब, माझ्याकडे आणखी सांगण्यासारखं काही नाही." ताई समोर बघत बसलेली, हात मांडीवर. साहेबांनी पेन उचललं.

मी उभी राहिले. आवाज असा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. "साहेब, मला बोलायचंय. मी समोरची बाजू. कारण माझ्याकडे आहे."

साहेबांनी चष्मा काढला. वकीलबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, अगदी खेटून. मी पिशवी वर केली, सांगितलं. बाररूमचे गाऊन, कॉलरमधला आकडा, जादूगार, करड्या पिशव्या, रविवार. भराभर, एका श्वासात. गाऊन काढून दाखवला. आकडा शिडींचाच निघाला. "मुद्दाम नाही केलं साहेब. पण केलं मीच."

ताई उठली. "साहेब, तिचं काही ऐकू नका, तिला बोलायची सवय आहे!" बघ! चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्याबद्दल स्वतःच्या तोंडाने काही बोलली, तर हे! मी म्हटलं, "तू गप्प बस, ताई." ती म्हणाली, "तू गप्प बस आधी." साहेब म्हणाले, दोघी गप्प बसा. शिपायाने तोंडावर हात धरला होता.

साहेबांनी शिडींना विचारलं, मग तो दुसरा झगा कुठे आहे? शिडींनी ताईकडे बघितलं. या वेळी ताईने मान हलवली नाही. नुसती खाली घातली. तेव्हा त्यांनी बाकाखालून करडी पिशवी काढली. "रोज बरोबर आणत होतो साहेब. सांगायची परवानगी नव्हती."

"घालून दाखवा."

"साहेब..."

"मला कळू दे, चूक होण्यासारखी आहे की नाही."

बाहेरून काळाच तो, घडी घातल्यावर फरक कळायचा नाही. शिडींनी अंगावर घेतला, कॉलर नीट केली. तोवर अगदी वकील दिसत होते. मग नेहमीच्या सवयीने साहेबांना वाकून, हात पसरून म्हणाले, "साहेबांच्या कृपेने..." आणि फाडकन! लाल पिवळी फुलं, त्यांच्या कानामागून, ताडमाड उंचीवर!

अख्खं कोर्ट फुटलं. साहेब कागदामागे गेले, कागद हलत होता. मी हसले, मला थांबताच येईना, आणि पलीकडे ताई हसत होती, तोंडावर रुमाल, डोळ्यांतून पाणी, खोकतेय आणि हसतेय. आम्ही दोघी एकाच वेळी थांबलो आणि एकाच वेळी परत सुरू झालो.

मग वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, मलाही सांगायचंय. त्या दिवशी प्रकरण थोडं मागे ठेवा म्हणायला मी उठत होते." मी म्हटलं, "मी खाली ओढलं त्यांना." आता इतकं सांगितलं, तर ते तरी कशाला ठेवायचं? साहेब म्हणाले, "बाई, तुमचा पुढचा गुन्हा उद्या सांगा."

विचारलं, अर्जाला हरकत? वकीलबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाही साहेब." अपील परत चालू. आणि साहेब जाता जाता म्हणाले, दुकानाने पिशव्या दोन रंगांच्या कराव्यात.

बाहेर व्हरांड्यात ताई झग्याची घडी घालत होती. मी म्हटलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मी बेतलाय तो. गुच्छाची स्प्रिंग मी बसवलीय. ओळखणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस? अपील गेलं असतं की तुझं!"

ताई म्हणाली, "अस्तर मळलंय. धुवायला टाक." आणि पिशवी माझ्या हातात दिली.

कधी सरळ उत्तर देईल तर शपथ!

६ जून

अपिलाची सुनावणी सुरू. काय सांगू, काय रंगत! शिडी काय बोलतात! दवाखान्याचे कागद, औषधांच्या वेळा, आईची सही. वकीलबाईंनी पण सोडलं नाही. मी टाचणी पडली तरी ऐकू येईल असं ऐकत होते. मधल्या सुट्टीत ताईने सँडविच अर्धं करून बाकावर ठेवलं आणि पलीकडे बघत बसली. विरोधी पक्षाचं कसं खायचं? खाल्लं, वाया गेलं असतं.

एका मुद्द्यावर मात्र मी गप्प झाले. सही केली त्या दिवशी आईने मला ताईच्या नावाने हाक मारली होती. ते मी तेव्हाच खालच्या कोर्टात सांगितलं होतं, माझ्या बाजूचं आहे असं समजून, की बघा, आई बोलत होती. शिडींनी ते वाक्य वाचलं आणि दुसरं काही बोलले नाहीत.

१४ सप्टेंबर

निकाल. हरले.

आईला तेव्हा कळत होतं असं म्हणता येत नाही, म्हणून तो कागद ग्राह्य धरता येत नाही, दुकान दोघींचं, निम्मं निम्मं. साहेबांनी वाचलं आणि संपलं. मी रडले, खोटं कशाला बोलू? शिडी आणि वकीलबाई एकमेकांशी हसून बोलत होते, याचा पण राग आला. ताई लांब उभी होती. आली नाही जवळ. जिंकल्यावर पण यायचं नाही? माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेली, हळूहळू, कठडा धरून.

ह्यांनी आज पेपर वाचला नाही. शेजारी बसून राहिले.

१५ सप्टेंबर

सकाळी दुकानाचं शटर वर करायला गेले तर ताई शटरसमोर उभी! माझ्याआधी! म्हणाली, "उशीर करतेस रोज?" म्हटलं, "ही दुकानाची वेळ आहे." म्हणाली, "आईची नव्हती."

आत आली आणि सुरूच झाली. राण्या आणि भुतं एकाच दांडीवर कोणी टांगली? पऱ्यांच्या पंखांना धूळ! डांबरगोळ्या कुठायत? अस्वलाचं डोकं खिडकीत का ठेवलंस, पोरं घाबरतील. म्हटलं, म्हणूनच ठेवलंय, बघायला येतात. म्हणाली, तुझं डोकं. मी म्हटलं, निम्मं दुकान माझं आहे, निम्म्या दांड्यांना हात लावायचा नाही. म्हणाली, "निम्म्या कुठल्या? दाखव." मला दाखवता येईना. ती गेली राण्यांकडे.

दोन कप चहा केला, आपला सवयीने. तिने घेतला आणि खिडकीजवळच्या मशीनवर जाऊन बसली. राखाडी कोट काढून मला दिला, म्हणाली, "कोपराला ठिगळ लाव, माझा हात पोचत नाही." हात पोचत नाही! स्वतःच्या कोटाला! ऐकून घेतलं. लावतेय.

दुपारी वकीलबाईंचा फोन आला. "वरच्या कोर्टात जायचं का? मुद्दे आहेत आपल्याकडे, पण मुदत असते. वेळेत अर्ज द्यायला हवा, नाहीतर जाईल."

मी म्हटलं, "बाई, आत्ता बोलायला वेळ नाही."

"अहो, मुदत जाईल!"

म्हटलं, "जाऊ दे." आतून ताई ओरडत होती, कात्री कुठे ठेवलीयस म्हणून.